पळसाचा ताव

६ जानेवारी १९९७, सोमवार

वीस वर्षं कंपनीच्या भट्टीचं लॉगबुक लिहिलं. तारीख, वेळ, डिग्री, शेरा. खातं बंद करून आम्हाला घरी बसवलं त्या दिवशी एक कोरं लॉगबुक पिशवीत घालून आणलं. चोरीच ती, पण एवढ्या वर्षांत तेवढी एकच. लिहिल्याशिवाय दिवस संपल्यासारखा वाटत नाही, म्हणून आता ह्यातच माझं लिहिणार. डिग्रीचा रकाना तूर्त रिकामा.

आज हौसेराव एकदाचा हो म्हणाला. कळंबोलीत त्याचं गॅरेज आहे आणि स्वतःचे अकरा ट्रक, रोज बोरघाट चढणारे. ट्रकच्या कमानपाट्यांना धरून ठेवणाऱ्या पिना असतात, त्या त्याच्या सारख्या झिजतात. मी म्हटलं, मी करून देतो, आतून मऊ आणि वरून पोलाद. घाटात मोडणार नाहीत आणि झिजणारही नाहीत. तो म्हणाला, "कृष्णातराव, बोलायला काय जातंय? एका गाडीला घालून बघू. टिकल्या तर अकराच्या अकरा गाड्या तुमच्या." गॅरेजमागची पत्र्याची शेडही वापरायला दिली.

मीनाला सांगितलं तर ती म्हणाली, "बरं." एवढंच. तिच्या भावानं, सुभाषनं, वाशीच्या एका सोसायटीत माझ्यासाठी सिक्युरिटीची नोकरी बघून ठेवलीय. एक मार्चला हजर व्हायचंय. गडी वर्दीचं मापसुद्धा घेऊन गेला! म्हणजे फेब्रुवारीअखेरपर्यंत जमलं तर जमलं, नाहीतर गेटवर उभं राहून गाड्यांचे नंबर लिहायचे. हाताला भट्टीशिवाय दुसरं काही येत नाही आणि ह्या वयात नवं शिकायची इच्छाही नाही, हे इथं लिहून ठेवतो. तिच्यापुढं बोलणार नाही.

आबांना मात्र काय आनंद झालाय! दिवाळीपासून ते आमच्याकडे आहेत. गावाकडं थोरल्या भावानं आमची भट्टी मोडून तिथं कोल्ड्रिंकचं दुकान काढलं, तेव्हापासून ते गप्प होते. आज म्हणाले, "किस्ना, डिगऱ्यांचं मीटरबिटर काय आणू नगंस. ताव म्या बघतो. मीटर आणलास तर म्या पहिल्या येष्टीनं गावाला जातो."

९ जानेवारी, गुरुवार

अमावस्या. आमच्यात ह्या दिवशी हत्याराला हात लावत नाहीत. कंपनीत वीस वर्षं अमावस्येला कामाला गेलो, पण आबा घरात असताना हिंमत नाही. दिवसभर बसून होतो.

बसल्या बसल्या गावची भट्टी डोळ्यांपुढं आली. आबा मऊ लोखंडाच्या जाड पट्ट्या लोखंडी डब्यात रचायचे, मध्ये बाभळीचा कुटलेला कोळसा आणि खुरांची पूड ठासायचे, चिकणमातीत भुसा कालवून झाकण लिंपायचे. आत हवेचा कण जायला नको. मग सात दिवस विस्तव. कोळसा लोखंडात मुरत जातो, लोणच्याच्या फोडीत मीठ मुरतं तसा. आठव्या दिवशी डबा फोडला की पट्ट्यांच्या अंगावर बारीक बारीक फोड आलेले असायचे. आबा त्यावरून हात फिरवून म्हणायचे, "देवी आल्या. पोलाद झालं." आई तिथंच हळदकुंकू वाहायची. साऱ्या पंचक्रोशीतले पाथरवट त्या पोलादाच्या छिन्न्या न्यायला यायचे.

भाता मी ओढायचो. आबा मध्येच ओरडायचे, "रंग सांग!" जांभूळ, उंबर, मिरची, पळस, हळद. लोखंड तापत जातं तसे हे रंग. पळसाच्या फुलाचा रंग आला की तिथंच धरायचं, खाली नाही, वर नाही. मिरचीला पळस म्हटलं की पाठीत धपाटा. किती खाल्ले त्याला गणती नाही. आबांचा डोळा मात्र एकदासुद्धा चुकलेला मला आठवत नाही.

मीना आबांचे फार लाड करते. चहाचा कप समोर ठेवत नाही, हात धरून हातात देते. घरातली खुर्ची इकडची तिकडं झाली तर माझ्यावर खेकसते. मी म्हटलं, माझे एवढे लाड कधी केलेस? तर नुसतं बघितलं माझ्याकडं.

१६ जानेवारी, गुरुवार

पहाटे भट्टी पेटवली. पिनांना वरचीच साल पोलादाची हवी, म्हणून सात दिवस नाही, एका दिवसाचाच विस्तव. आबांनी नारळ फोडला. डब्यात हौसेरावच्या एका गाडीच्या पिना आणि सोबत एक साक्षीदार. साक्षीदार म्हणजे त्याच लोखंडाचा एक गज. त्याचं टोक झाकणाच्या भोकातून बाहेर ठेवायचं, शेवटी तो ओढून काढायचा, पाण्यात विझवून मोडायचा आणि मोडीत बघायचं, पोलादाची कडी किती खोल गेली ते.

आबांनी आज डोकं उठवलं. दर थोड्या वेळानं एकच, "किस्ना, रंग सांग." अहो, शेहेचाळीस वर्षांचा मी! केस पिकले, तरी परीक्षा संपेना. गॅरेजचे दोन ड्रायव्हर बघत उभे होते, हसत होते. पहिल्यांदा म्हटलं, "आठशे तरी असंल." आबा चिडले, "डिगऱ्या नगं सांगू, रंग सांग." पुन्हा विचारलं, मी कोळसा ओढत होतो, ऐकू न आल्यासारखं केलं. तिसऱ्यांदाही तसंच. चौथ्यांदा माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, "समोर तर हाय! तुम्हीच बघा की!"

आबांनी कोटाचा खिसा चाचपला. मग खिशातून कागदाची पुडी काढली, चिमूटभर मीठ साक्षीदाराच्या टोकावर टाकलं आणि भट्टीकडं कान करून ड्रायव्हरांना म्हणाले, "जरा गप उभं ऱ्हावा रं." म्हाताऱ्याचे काय काय विधी असतील कोण जाणे, बहुतेक दृष्ट काढत असतील. थोड्या वेळानं म्हणाले, "झालं. ताव आला. आता हितंच धर."

मला रंग जरा मिरचीचाच वाटला. पण वीस वर्षं मी काटा बघितलाय, रंग नाही. आबांनी एकदा म्हटल्यावर आपण कोण? दिवस मावळेपर्यंत तिथंच धरला. आबा मधूनमधून मीठ टाकत होते.

१७ जानेवारी, शुक्रवार

साक्षीदार मोडला. आमच्या घरात रीत अशी की थोरल्यानं साक्षीदार बघितला की दुसऱ्यानं बघायचा नाही. बघणं म्हणजे थोरल्याच्या डोळ्यावर संशय घेणं. आज्यानं बघितलेला गज आबांनी कधी बघितला नाही. आबांनी बघितलेला मी कधी नाही. आज आबांनी मोड डोळ्यांपाशी धरली, अंगठ्यानं चाचपली, बराच वेळ चाचपली आणि तुकडे कोटाच्या खिशात टाकले. "बेस हाय," म्हणाले.

पिनांना पाणी दिलं, म्हणजे तापवून पाण्यात विझवल्या, आणि कानस घासून बघितली. सरकन घसरली, चावली नाही. वरून पोलाद झालंय! छाती अशी फुगली म्हणून सांगू. येताना खांदेश्वरला नव्या स्टेशनचं काम चाललंय तिथं आबांना उसाचा रस पाजला.

घरी मीनाची वेगळीच ओरड. "मिठाचा पुडा परवाच फोडला आणि अर्धा गेला. कोण खातं एवढं मीठ?" आबा म्हणाले, "घसा धरलाय, गुळण्या करतूय." मीना एकदम गप्प झाली आणि दुसरा पुडा आणून त्यांच्या कपाटाजवळ ठेवला. असल्या घरात कोण कशाला गप्प होतं, मला समजत नाही.

२० जानेवारी, सोमवार

पिना गाडीला लागल्या. हौसेरावनं गाडीला हार घातला. गाडी पुण्याला गेली.

४ फेब्रुवारी, मंगळवार

बोंबललं सगळं. पंधरा दिवसांत पिना परत. काकडी सोलावी तशा सोलल्या गेल्यात. वर पोलादाचा नुसता पापुद्रा होता, तो गेला आणि खाली मऊ लोखंड उघडं पडलं. ड्रायव्हर म्हणाला, घाटात गाडी एका अंगाला ओढत होती. हौसेरावनं एक सोललेली पीन माझ्या हातात ठेवली. "कृष्णातराव, माणूस असतो ओ गाडीत," एवढंच. मी हात जोडले. आणखी एकदा करू द्या म्हटलं. नवीन पिना लागेपर्यंत गाडी उभी ठेवतो म्हणाला, आणि ही शेवटची.

दिवसभर कोळशाला शिव्या घातल्या. कोळसा ओला असणार. नाहीतर मातीला चीर गेली असणार. नाहीतर ह्या कळंबोलीच्या बाजारातलं लोखंडच भेसळीचं. आबांना सांगितलं तर ते भिंतीकडं तोंड करून बसले. जेवले नाहीत. "म्या चुकलो," म्हणाले. मी म्हटलं, तुमचं काय चुकलंय, कोळसा ओला होता.

सुभाषचा फोन आला होता, शेजाऱ्यांकडं. वर्दी शिवून तयार आहे म्हणे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

अमावस्या. आबा म्हणाले, समुद्र कसा असतो दाव एकदा. म्हणून पनवेलहून उरणच्या येष्टीत बसलो आणि तिथनं मोरा बंदरावर गेलो.

हे सगळं नीट लिहायला पाहिजे.

उरणच्या वाटेवर दोन्ही अंगाला मिठागरं. ऊन पडलेलं, मिठाचे पांढरे ढीग नुसते झळाळत होते. मी म्हटलं, "आबा, ढीग बघितले का?" ते म्हणाले, "बघितलं की. लई झ्याक." आणि तोंड येष्टीच्या आत, माणसांकडं. मला वाटलं, ऐकलं नसेल नीट.

मोऱ्याच्या धक्क्यावर मुंबईची लाँच समोर दहा हातांवर बांधलेली. इंजिन बंद. आबांनी विचारलं, "लाँच कवा यायची?" मी त्यांच्याकडं बघितलं. ते समोरच बघत होते, सरळ लाँचकडं. तेवढ्यात लाँचनं भोंगा दिला आणि म्हातारा दचकून एक पाऊल मागं झाला. मी त्यांचा दंड धरला.

धक्क्याच्या कडेला एक कोळीण मासळीला मीठ लावत बसली होती. आबा त्या वासानं तिकडं वळले, चाचपडत खाली बसले, मिठाच्या ढिगात हात घातला. जाड खडे बोटांवर घोळवले. चेहरा असा खुलला त्यांचा! "किस्ना, ह्ये बघ. ह्ये खरं मीठ. तुमच्या पुडीतलं मीठ बोलतच न्हाई."

"मीठ बोलतं?" मी विचारलं.

"मग? ताव कमी आसंल तर खडा तडतडतो. पुरा ताव आला की आवाज न करता इरघळतो. माझ्या बानं शिकवल्यालं." आणि एकदम थांबले. बोलायला नको होतं ते बोलून गेल्यासारखे.

कोळीण म्हणाली, "घेऊन जा ना बाबा दोन शेर. खारं हाय आमचं, पुडीवानी मुकं नाय." तिला काय ठाऊक ती काय बोलली.

येष्टीत आबा खडे मीठ मांडीवर धरून झोपले. मी खिडकीबाहेर तोंड केलं आणि रडलो. पुडीचं बारीक मीठ तडतडत नाही, कितीही कमी ताव असला तरी नाही. ते गप्प राहिलं म्हणून आबांना वाटलं ताव आला. त्यांना रंग दिसत नव्हता. त्यांना काहीच दिसत नव्हतं. आणि चार वेळा, चार वेळा त्या माणसानं मला विचारलं, रंग सांग.

८ फेब्रुवारी, शनिवार

आबा देवळात गेल्यावर, म्हणजे मीना त्यांना हात धरून सोडून आल्यावर, तिला विचारलं. तिनं पदरानं तोंड पुसलं. डिसेंबरातच ती त्यांना पनवेलच्या डॉक्टरकडं घेऊन गेली होती. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, उजेड-अंधार कळतो तेवढाच राहील तर राहील. आबांनी तिच्याकडून शपथ घेतली, किस्नाला सांगू नगंस. एकदा भट्टी लागू दे, एकदा त्याचं बस्तान बसू दे, मग सांग.

मी म्हटलं, "अगं पण मला एका शब्दानं..."

"काय एका शब्दानं? कप हातात देते ते बघितलंत. खुर्ची हलवू देत नाही ते बघितलंत. तुम्ही भट्टीतला रंग ओळखणारे ना? मी म्हटलं, कधीतरी टेन्शन बाजूला ठेवून घरातला माणूस पण बघाल."

तोंडात मारल्यासारखं झालं. 

मीटर भाड्यानं मिळतोय, तुर्भ्याला एकाकडं आहे. जाऊन बघून आलो. आणला नाही. आणला तर आबा काही बोलणार नाहीत, पहिल्या येष्टीनं जाणारही नाहीत. नुसते घरात बसतील, भिंतीकडं तोंड करून. ते मला बघवणार नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

दुसरी भट्टी. पहाटे पेटवली. आबा स्टुलावर, खिशात मोऱ्याचं मीठ. विचारतील म्हणून मी वाट बघत होतो. विचारलंच नाही. मागच्या वेळचं माझं बोलणं अंगात बसलंय त्यांच्या. तासभर नुसते हात गुडघ्यावर ठेवून बसलेले.

शेवटी मीच सुरू केलं. मोठ्यानं, लहानपणी सांगायचो तसं. "आबा, जांभूळ!"

त्यांनी मान वर केली.

"आबा, उंबर आलं. कडेला अजून जांभूळच हाय." "आबा, उजव्या अंगाला मिरची, डावीकडं उंबर." ते म्हणाले, "डाव्या अंगाला कोळसा ओढ." ओढला. "आता?" "आता दोन्हीकडं मिरची." "कसली मिरची? नुकती पिकल्याली का वाळल्याली?" "वाळलेली, आबा. ब्याडगी." ड्रायव्हर हसायला लागले. हसू देत. हौसेरावही येऊन उभा राहिला. तो नाही हसला.

मग तो रंग आला. मागच्या वेळी ह्याच्या किती अलीकडं थांबलो होतो, ते आज कळलं. गावच्या शिवेवर ओळीनं पळस होते, शिमग्याच्या आधी पानं झडून नुसती फुलं. भाता ओढायला उशीर झाला म्हणून आबांनी तिथनं कान धरून मला आणलेलं. "आबा, पळस," म्हटलं. पुन्हा म्हटलं, "पळस आला."

आबांनी खडा टाकला. आम्ही सगळे गप्प. खडा तडतडला नाही, विरघळला.

"व्हय," आबा म्हणाले. "पळस."

दिवस मावळेपर्यंत मी रंग सांगत होतो आणि ते ओढ, थांब, झाक सांगत होते. निघताना माझ्या पाठीत एक हलका धपाटा घातला. म्हणाले, "ल्हानपणी येवढं नीट सांगितलं असतंस तर मार वाचला असता, लेका."

आपल्याला दिसत नाही हे पोराला कळलंय, हे काही आबांच्या ध्यानात आलेलं नाही. बरं झालं. मी परीक्षाच देतोय असं दाखवलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

साक्षीदार मोडला. आबांनी मोड चाचपली. मी रीतीप्रमाणं तोंड दुसरीकडं केलं.

"किस्ना."

वळलो तर दोन्ही तुकडे तळहातावर घेऊन हात माझ्यापुढं केलेला. जरासा चुकीच्या दिशेला, मी सरकून समोर झालो.

"तू बघ," म्हणाले.

मी म्हटलं, "तुम्ही बघितलाय ना आबा. मग मी कसा बघू?"

"थोरल्यानं बघायचा आसतोय. बघ आन् मला सांग."

बघितला. मध्ये खरबरीत मऊ लोखंड आणि भोवतीनं बारीक कणांची, करड्या रेशमासारखी कडी, सगळीकडं सारखी, नखाच्या जाडीएवढी. सांगितलं. कडी कशी आहे, किती खोल, कुठं पातळ पडलीय का. ते डोळे मिटून ऐकत होते. मी बघितलेला घरातला हा पहिलाच साक्षीदार आणि मला धड दिसेना, पुन्हा पुन्हा डोळे पुसावे लागले.

पिना हौसेरावच्या हातात दिल्या. सोबत मोडलेला साक्षीदारही दिला. मागच्या वेळी तो द्यायला पाहिजे होता.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

हौसेरावनं पंधरा दिवस घाट चढलेली गाडी गॅरेजच्या खड्ड्यावर घेतली आणि माझ्यादेखत पिना काढल्या. फडक्यानं ग्रीस पुसलं. आत घातल्या होत्या तशाच, फक्त चकाकी आलेली. हौसेराव बोटानं फिरवून फिरवून बघत राहिला, मग म्हणाला, "उरलेल्या दहा गाड्यांचं माप घ्या, कृष्णातराव. आणि म्हाताऱ्याला खुर्ची आणा एक, स्टुलावर पाठ दुखत असंल." माझा जीव भांड्यात पडला.

घरी सांगितलं. मीनानं देवापुढं साखर ठेवली. मग सुभाषला फोन करायला शेजारी गेली, वर्दी दुसऱ्या कुणाला तरी दे म्हणून. आबा म्हणाले, "मला एक पीन दे." दिली. नखानं, अंगठ्यानं, मग गालाला लावून बघितली. "देवी न्हाईत आल्या," म्हणाले. मी म्हटलं, ह्या लोखंडाला येत नाहीत आबा, हे नव्या जातीचं आहे. "आसू दे. पोलाद हाय."

अमावस्या गेली की दहा गाड्यांची भट्टी. आबांनी आत्ताच विचारलंय पहाटे किती वाजता उठायचं.

मीना झाकपाक करतेय. लॉगबुक चाळत मागं गेलो. डिग्रीचा रकाना पहिल्या पानापासून रिकामा आहे. अकरा फेब्रुवारीच्या पानावर जाऊन त्या रकान्यात लिहिलं: पळस. सोळा जानेवारीच्या पानावर लिहिलं: मिरची. आणि शेऱ्यात लिहिलं, आबांनी चार वेळा विचारलं होतं.